बदाम सत्ती कोणाकडे

आमच्या घरातली बदाम सत्ती एका जहाजाच्या कप्तानाने नेली, असं मी चाळीस वर्षं सांगत आले.

कप्तान कोटाची बटणं लावून घ्यायला आला होता. मी तेव्हा शिवणकाम करायचे, खिडकीपाशी माझं मशीन असायचं. बटणं होईपर्यंत एक डाव टाकू म्हणाला. पहिल्या डावात तो जहाजाची घंटा हरला, दुसऱ्यात पोपट आणि तिसऱ्यात मिशी. मिशी मी तिथल्या तिथे कापून घेतली, माझ्याच कात्रीने. जाताना दारात उभा राहून म्हणाला, बाई, सगळं घेतलंत, आठवणीला एक पान तरी द्या. मी बदाम सत्ती दिली. तेव्हापासून त्याचं जहाज कुठल्याही बंदरातून निघालं की आधी डावीकडे वळतं म्हणे. काळीज डावीकडेच असतं ना.

पोपटाचं पुढे काय झालं ती गोष्ट वेगळी आहे. आज ती नको.

तर सत्ती गेली. पण आमच्याकडे रोज दुपारी ‘बदाम सात’चा डाव मांडायचा, आणि तो सुरूच होतो बदाम सत्तीने. ज्याच्या हातात सत्ती तो ती खाली टाकतो, मग बाकीचे तिच्या वर-खाली पानं लावतात. सत्ती नाही तर खेळ नाही. म्हणून ह्यांनी एका जोकरवर पेन्सिलीने सात लिहिला आणि तो जोकर सत्ती झाला. पेन्सिल दोन वर्षांत पुसली गेली, सवय मात्र राहिली. अजूनही आमच्याकडे जोकर पडला की सगळे ‘आली सत्ती’ म्हणतात. पाहुणे एकमेकांकडे बघतात. आम्हाला त्यात काही वावगं दिसत नाही. घोडं पुढे तिथेच पेंड खाणार होतं, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक.

माझी नात, तिला आम्ही भिंगरी म्हणतो. पाळण्यातसुद्धा एका जागी झोपली नाही. चांगली नोकरी होती विम्याच्या कचेरीत, ती सोडून आली आणि माझ्या मशीनच्या जागी, त्याच खिडकीपाशी टेबल टाकून बसली. म्हणाली, मी पत्त्यांचा जोड काढणार. माझी चित्रं, माझे राजे, माझ्या राण्या. लोकांकडून आधी पैसे घ्यायचे, मग छापायचे आणि मग घरोघर पाठवायचे. क्राउडफंडिंग म्हणतात त्याला. मी म्हटलं, हा तर उलटा व्यापार झाला, जेवण व्हायच्या आधी ढेकर. ती म्हणाली, आजी, तू फक्त गोष्ट सांग.

सांगितली. तिने मोबाइलवर माझं चित्रीकरण केलं, कप्तान, घंटा, मिशी, सगळं, आणि टाकलं इंटरनेटवर, पैसे मागायच्या तिच्या पानावर. त्याआधी एकवीस जणांनी पैसे दिले होते, त्यातले सहा नातेवाईक. त्यानंतर आठ दिवसांत चारशे बारा झाले. एका बाईंनी तर लिहून विचारलं, कप्तानाचा पत्ता मिळेल का? मी म्हटलं, पत्ता तोच घेऊन गेला की, मी कुठून देऊ.

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, ह्या सगळ्याकडे लांबून बघत होता. त्याला मी मुनीम म्हणते. लहानपणी वाटाणे सोलायला दिले तर हा मोजायचा. त्याने मुलीला एकच सांगितलं, आवाज न चढवता. लोकांना तारीख तू दिली आहेस. त्या सोमवारी सगळे पत्ते रवाना झाले तर तू हवं ते कर, मी पुन्हा बोलणार नाही. नाही झाले तर मंगळवारी सकाळी माझ्याबरोबर ऑफिसला यायचं, तिथे खुर्ची रिकामी आहे. भिंगरीने हो म्हटलं. हो म्हणताना ती एका पायावर उभी होती, दुसऱ्या पायाने स्टूल हलवत.

मग तीन महिने घरात कोणी नीट जेवलं नाही. तिने बावन्न पानं काढली, आमचाच जुना जोड समोर ठेवून, एकेक पान उचलून. हे आता नाहीत, पण किलवरचे राजा झाले, नाकावर चष्मा. मुनीम चौकटचा राजा, काखेत छत्री. मी इस्पिकची राणी, हातात कात्री. शिवाय दोन जोकर वेगळे काढले, कारण सगळ्या जोडांत असतात. एकूण चोपन्न. छापखान्यात एका मोठ्या कागदावर चोपन्न पानं बसतात, नऊ आडवी, सहा उभी. छापून येण्याआधीचा तो नमुना तिने घरी आणला आणि माझ्यापुढे अंथरला. म्हणाली, साठ वर्षं खेळतेस, तूच तपास.

मी चष्मा लावला आणि बोट फिरवत गेले. बदाम एक्का, दुरी, तिरी, चौकी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी. कप्तान काय झकास काढला होता, अर्धीच मिशी, खांद्यावर पोपट. मी म्हटलं, सगळं बरोबर आहे, छाप. सुनेनेही बघितलं. मुनीमने तर मोजून बघितलं, चोपन्न भरले.

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळी साडेदहाला माझा फोन वाजला. भिंगरीचा फोन सदा गुंतलेला, म्हणून तिने छापखान्यात माझाही नंबर देऊन ठेवला होता. पलीकडे पुठ्ठेवाल्या बाई होत्या, ज्या छापखान्यात डब्या दुमडून त्यात पत्ते भरतात. त्या जरा संकोचून बोलत होत्या. काम संपलं म्हणून आम्ही चौघी बदाम सात खेळायला बसलो, म्हणाल्या. पानं वाटली. मग एक म्हणते माझ्याकडे सत्ती नाही, दुसरी म्हणते माझ्याकडे नाही, तिसरीला वाटलं मी लपवली. भांडण व्हायची वेळ आली. दुसरी डबी फोडली, तिसरी फोडली.

“आजी,” त्या म्हणाल्या, “तुमच्या पत्त्यांत बदाम सत्तीच नाही. तीन जोकर आहेत.”

मी म्हटलं, असं कसं होईल, कप्तान आहे ना, मिशीवाला. त्या म्हणाल्या, तो जोकर आहे हो आजी. त्याच्यावर ना सात, ना बदाम.

फोन हातात धरून मी खाली बसले. पोरीने जुनं पान समोर ठेवून काढलं होतं, आणि आमच्या जुन्या पानावर सात उरला होता कुठे? पुसून अडतीस वर्षं झाली होती. तो सात फक्त आमच्या चौघांच्या डोळ्यांत होता. चौघांनी तपासलं, चौघांना दिसला.

पलीकडच्या खोलीत भिंगरी फोनवर कोणाला तरी सांगत होती, सोमवारी, हो, नक्की सोमवारी. मला वाटलं, आत जावं आणि सांगावं. उठले, दारापर्यंत गेले, परत आले. पाणी प्यायले. पुन्हा दारापर्यंत गेले. भिंगरी म्हणाली, आजी, मुंग्या चावल्या का तुला? मी म्हटलं, गुडघे मोकळे करतेय. दुपारचं जेवण मी ताटात इकडून तिकडे केलं. चार वाजता पिशवी घेतली आणि सुनेला सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येते. ते तसं अगदीच खोटं नव्हतं. डोळ्यांचंच दुखणं होतं.

निघण्याआधी एक गोष्ट केली. बटणांचा डबा काढला. सगळी बटणं पलंगावर ओतली. डब्याच्या तळाशी मी जाडा कागद बसवला होता, तो नखाने उचलला. खाली पान होतं. बदाम सत्ती. कडा पिवळ्या पडलेल्या, बाकी नवी कोरी, चाळीस वर्षं खेळलीच नव्हती ना.

बसमध्ये मला बसायला जागा मिळाली, तरी मी उभीच राहिले.

छापखान्यात शाईचा वास आणि यंत्राची धडधड. छापखानेवाले सभ्य माणूस, कानामागे पेन्सिल. मी पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, हे घ्या, हीच सत्ती छापा आणि प्रत्येक डबीत एकेक घाला. चारशे बारा. पैसे माझ्याकडून, पोरीला कळता कामा नये. त्यांनी पान उचलून उजेडात धरलं, मग आमच्या नव्या जोडातलं एक पान धरलं. ते म्हणाले, आजी, हा कागद दोन थरांचा आहे, मध्ये काळी खळ आहे, म्हणून आरपार दिसत नाही. तो कागद संपला. दुसरा मागवला तर बारा दिवस. आणि आला तरी पाठीचा निळा रंग पुन्हा तस्साच उतरेल याची खात्री नाही. एका पानाची पाठ जरा जरी वेगळी दिसली, तर सत्ती कोणाच्या हातात आहे ते सगळ्यांना कळणार. मग खेळात काय राहिलं?

मी म्हटलं, आमच्या घरी सत्ती कोणाकडे आहे ते मला नेहमीच कळायचं. ते हसले नाहीत. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होते.

दारात भिंगरी उभी होती. छापखानेवाल्यांनी तिला तासाभरापूर्वीच फोन केला होता, बाईंनी मला केला तसाच. ती धावत आली होती, एका चपलेचा पट्टा सुटलेला. ती त्या तीन जोकरांकडे बघत नव्हती, डब्यांच्या ढिगाकडेही नाही. टेबलावरच्या पिवळ्या कडेच्या पानाकडे बघत होती.

“कप्तान परत आला वाटतं,” ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. गोष्ट तयार होती हो. जहाज बंदराला लागलं, कप्तान म्हातारा झाला होता, मिशी पुन्हा वाढली होती. पण पोरगी पहिल्यांदाच एका जागी, दोन्ही पायांवर उभी होती. तिला तसं बघायची मला सवय नव्हती.

“आजी, खरं सांग. सत्ती कुठे होती?”

“बटणांच्या डब्यात.”

मग सगळं सांगावं लागलं. कागदाच्या गठ्ठ्यावर बसून सांगितलं. पुठ्ठेवाल्या बाईही ऐकत होत्या, त्यांना कोणी जा म्हटलं नाही.

ह्यांच्या थोरल्या भावाने बोलावणं धाडलं होतं, दुसऱ्या गावी त्याचं दुकान होतं, तिकडेच या म्हणून. ह्यांना जायचं होतं आणि नव्हतं. मला मुळीच जायचं नव्हतं. खिडकीपाशी मशीन होतं, दोन वर्षं खपून गिऱ्हाईक जमवलं होतं, बायका लांबून माझं नाव विचारत येत होत्या. पण तसं तोंडाने म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि तू काय म्हणतेस असं विचारायची ह्यांची झाली नाही. शेवटी हे म्हणाले, पत्त्यांवर ठरवू. मी जिंकलो तर जायचं, तू जिंकलीस तर राहायचं. ‘बदाम सात’मध्ये मी ह्यांच्याकडून नेहमी हरायचे. हे पानं वाटत होते, एक गठ्ठा माझ्यापुढे आला, उचलला तर वरच सत्ती. मी ती बाहीत सरकवली. मग आम्ही दोघं बसलो. हे म्हणाले, सत्ती कोणाकडे? मी म्हटलं, माझ्याकडे नाही. ह्यांनी आपली पानं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. दोघांचाच डाव. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, तर जाणार कुठे? पण डाव सुरूच झाला नाही, त्यामुळे काही ठरलं नाही, त्यामुळे आम्ही गेलो नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी जोकर घेतला, त्यावर सात लिहिला आणि म्हणाले, चल, खेळू.

“आजोबांनी विचारलं नाही?”

“कधीच नाही. म्हणून तर कप्तान आणावा लागला. कोणी विचारलं नाही तरी उत्तर आत टोचत राहतं.”

 भिंगरीने छापखानेवाल्यांच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली आणि त्या मिशीवाल्या कप्तानाच्या कोपऱ्यात सात काढून बघितला. पेन्सिल घसरली, लेप गुळगुळीत होता. पेनची शाई पसरली. पुठ्ठेवाल्या बाईंनी खोक्यांवर लिहायचं मार्कर आणलं. ते बसलं. लाल हवं म्हणून समोरच्या दुकानातून सहा लाल आणले. पान तेच, पाठ तीच, फक्त पुढे हाताने काढलेला सात. भिंगरीने मार्करचं टोपण काढून माझ्या हातात दिलं.

“लपवलीस तू,” ती म्हणाली, “आता काढायचीही तूच.”

शनिवार-रविवार आम्ही तिथेच होतो. सकाळी आठला जायचं, अंधार पडायच्या आत परत. कप्तान प्रत्येक डबीत वरून सातवा, त्यामुळे शोधावं लागत नव्हतं. बाई डबी उघडून पान काढायच्या, मी दोन कोपऱ्यांत सात काढायचे, भिंगरी प्रत्येक साताखाली छोटं बदाम. चारशे बारा पानं, आठशे चोवीस सात. वाळायला म्हणून पानं टेबलांवर, खिडकीत, यंत्राच्या झाकणावर, जिन्याच्या पायऱ्यांवर. उडू नयेत म्हणून पंखा बंद. घाम नाकावरून ओघळून पानावर पडेल म्हणून मी कपाळाला फडकं बांधलं. दीडशेपर्यंत माझे सात ऐटीत उभे होते, तीनशेनंतर सगळे म्हातारे झाले, वाकून काठी शोधायला लागले. भिंगरीचं बदाम मात्र शेवटपर्यंत सारखं. मध्येच उठून ती चकरा मारायची, पण परत येऊन बसायची.

तिने लोकांनाही लिहिलं. मी म्हटलं, कप्तानाचं पत्र आलं असं लिही, त्यानेच जोकर बनून यायची इच्छा केली वगैरे. ती म्हणाली, नाही. जे झालं तेच लिहिलं, चार ओळी. आमची चूक झाली, सत्ती हाताने काढली आहे, कप्तान खोटा आहे, आजी खरी आहे. ज्यांना नको त्यांना पैसे परत. अकरा जणांनी मागितले. त्यातल्या एकाने लिहिलं की मी कप्तानाची गोष्ट मुलीला सांगून बसलोय, आता तिला काय सांगू. ते मला लागलं. बाकीच्यांनी लिहिलं, पाठवा. एका आजोबांनी कळवलं की त्यांच्याकडे चौकट दुरी आगपेटीच्या पुठ्ठ्याची आहे आणि ती सोडून त्यांना दुसरी चालत नाही.

सोमवारी दुपारी टेम्पो आला. मुनीम अर्धी रजा काढून आला होता, दारात उभं राहून मोजायला. चारशे एक. भिंगरीने त्याला अकरा डब्या दाखवल्या आणि कारण सांगितलं. काही लपवलं नाही. माझी गोष्टही सांगून टाकली. तो माझ्याकडे वळला.

“मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो,” तो म्हणाला. “काकांनी माझ्यासाठी सायकल घेऊन ठेवली होती. मी गोट्यासुद्धा बांधून ठेवल्या होत्या.”

मला हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत तो एकदाही बोलला नव्हता.  खुर्चीच्या दांडीवरची धूळ पुसत बसले.

टेम्पो गेला.  सून उगाच भांडी लावत होती. भिंगरी खिडकीपाशी, मग दारापाशी, मग पुन्हा खिडकीपाशी. सगळे पत्ते रवाना, असं ठरलं होतं, आणि अकरा टेबलावर होते. मुनीमला एक वाटाणा कमी पडलेला चालत नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक. शेवटी त्यानेच अकरातली एक डबी उचलली, नखाने झाकण उघडलं आणि चटईवर बसला.

“ठरल्याप्रमाणे सगळे गेलेले नाहीत,” तो म्हणाला. “गेले नाहीत असंही म्हणता येत नाही. खेळून ठरवू. तू जिंकलीस तर तू म्हणशील ते.”

भिंगरीने दोन्ही जोकर बाजूला केले, पानं पिसली आणि तिघांत वाटली. नवी पानं, हातातून निसटत होती. मी माझी उचलली. वरून तिसरी, माझ्याच हातची, वाकलेला सात, खाली बदाम.

“बदाम सत्ती कोणाकडे?” मुनीमने विचारलं.

भिंगरी माझ्याकडे बघत होती. मुनीमही माझ्याकडेच. माझ्या बाह्या आता आखूड असतात, पण मांडीखाली जागा असते. पान लपवायला काय लागतं? डाव सुरू झाला नाही तर काही ठरत नाही, आणि काही ठरलं नाही तर सगळं आहे तिथेच राहतं. मला ते चांगलं जमतं.

मी सत्ती चटईवर टाकली.

मग खेळ धावायला लागला. मुनीम पानं अडवण्यात पटाईत. एखादी अठ्ठी दाबून ठेवली की समोरचा रडकुंडीला येईपर्यंत सोडत नाही, लहानपणापासूनचं. भिंगरीच्या हातात शेवटी दोन पानं उरली, माझ्याकडे पाच, त्याच्याकडे तीन. इस्पिकची अठ्ठी बाहेर आली नव्हती, आणि भिंगरी ज्या तऱ्हेने चटईचा काठ उसवत होती त्यावरून मला कळलं, हिच्याकडे इस्पिकची नव्वी आणि दश्शी आहे, अठ्ठीवाचून अडकलेली. पाळी मुनीमची होती. त्याने चौकटचा राजा अर्धा बाहेर काढला, काखेत छत्रीवाला. तो लागत होता, टाकला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. त्याने तो परत आत ठेवला आणि इस्पिकची अठ्ठी टाकली.

भिंगरीने नव्वी लावली. पुढच्या फेरीत दश्शी लावली आणि उभी राहिली.

तो राजा मी बघितला होता. मुनीमलाही दिसलं की मी बघितलं. तो पानं गोळा करायला लागला, मोजून, बावन्न.

मी विचारलं नाही.